कप नाही, नाव नाही, तरी स्पर्धा : १८८४ चे चार शेजारी

लेफ्टबॅक

वर्ल्ड कप जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न हमखास फिरतो. ब्रिटन देश एक, पासपोर्ट एक, मग फुटबॉलमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार संघ कसे? "साहेबाची सोय, दुसरं काय" म्हणून बहुतेक जण पुढे सरकतात. मला त्यामागची गोष्ट भारी आवडते, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

१८८३-८४ च्या हिवाळ्यात हे चार शेजारी पहिल्यांदाच एकाच मोसमात प्रत्येकाशी एकेकदा खेळले. सहा सामने, बस्स. आज त्याला ब्रिटिश होम चॅम्पियनशिप म्हणतात आणि देशादेशांमधली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आयर्लंडची तेव्हा फाळणी व्हायची होती, त्यामुळे संघ अख्ख्या बेटाचा, कारभार मात्र बेलफास्टहून.

नारळ फुटला तो बेलफास्टलाच, २६ जानेवारी १८८४ ला. स्कॉटलंडने आयर्लंडला ५-० असं धुतलं. दोन आठवड्यांनी रेक्सहॅमला वेल्सने ६-० केलं. फेब्रुवारी सरता सरता इंग्लंड बेलफास्टला उतरलं, या खेपेला ८-१. म्हणजे बाकीचे तिघे अजून एकमेकांसमोर उभेही राहिले नव्हते आणि आयर्लंड १९ गोल खाऊन मोकळं झालं होतं.

खरा सामना १५ मार्चला, ग्लासगोच्या कॅथकिन पार्कवर, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. जॉन स्मिथने सुरुवातीलाच गोल केला आणि तोच शेवटपर्यंत पुरला. १-०. लगेच सोमवारी, १७ मार्चला, इंग्लंडने रेक्सहॅमला जाऊन वेल्सला ४-० हरवलं. २९ मार्चला स्कॉटलंडने वेल्सला ४-१ ने लोळवलं. तीनपैकी तीन जिंकून स्कॉटलंड पहिलं. कप वगैरे काही नाही. हस्तांदोलन, जेवण, भाषणं, आणि आपापल्या गाडीने घरी.

रेल्वेचा_पास

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे)! एक शंका. शनिवारी ग्लासगोत खेळून सोमवारी वेल्समध्ये? तेच खेळाडू? आमची डोंबिवली फास्ट चुकली तर सोमवारी ऑफिस गाठता येत नाही.

लेफ्टबॅक

सगळे नाही, पण काही तेच. विल्यम ब्रॉम्ली-डेव्हनपोर्ट दोन्हीकडे खेळला, रेक्सहॅमला दोन गोलही केले. इंग्लंडकडून त्याची कारकीर्द म्हणजे हे दोनच सामने, पुढे गडी खासदार झाला. दुसरा विल्यम गन. हे नाव ओळखीचं वाटत नसेल तर घरातली जुनी जीएमची बॅट काढा. गन अँड मूर मधला गन तो हाच. नॉटिंगहॅमचा, कसोटी क्रिकेटही खेळला. त्याचेही फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय सामने हे दोनच, आणि वेल्सविरुद्ध त्यानेही एक गोल मारला.

रविवारी खेळायचं नाही हा तेव्हाचा दंडक. त्यामुळे रविवार गाडीसाठी मोकळा. रेल्वेचं जाळं नसतं तर ही स्पर्धा कागदावरही आली नसती.

खडूस_काका

लेख चांगला आहे, पण "स्पर्धा" म्हणायला माझा विरोध नोंदवून ठेवा. कप नव्हता हे तुम्हीच सांगताय. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, ही पद्धत इंग्लंडमध्ये फुटबॉल लीगने ठरवली, तीही १८८८ चा पहिला मोसम सुरू झाल्यावर. मग १८८४ चा गुणतक्ता कुठून आला? मागाहून कुणीतरी बसून जुने निकाल मांडले आणि वर मुकुट ठेवला. इंग्लंड-स्कॉटलंड तर १८७२ पासून दरवर्षी खेळतच होते. त्यात दोन भिडू वाढले, इतकंच.

लेफ्टबॅक

काका, तक्त्याचं तुमचं मान्य. पण "दोन भिडू वाढले इतकंच" हे नाही पटत. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

३० नोव्हेंबर १८७२, ग्लासगोजवळच्या पार्टिकमधलं क्रिकेटचं मैदान. पहिला अधिकृत सामना. इंग्लंडचे आठ जण पुढे, स्कॉटलंडचे सहा. चार हजार लोक. निकाल ०-०. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा एकाच क्लबचे, क्वीन्स पार्कचे. गोलच्या दोन खांबांवर आडवी दांडी नव्हती, फीत बांधलेली होती, आणि स्कॉटलंडच्या लेकीचा एक फटका त्या फितीवर गेला. आता तो गोल म्हणायचा की नाही? असल्या गोष्टींवरून पुढची दहा वर्षं वाद. दांडी की फीत, चेंडू बाहेर गेला तर आत कसा फेकायचा, एका हाताने की दोन, चेंडू केवढा. प्रत्येक संघटनेचं पुस्तक वेगळं. यजमान जे म्हणेल ते. आपल्या गल्लीत ज्याची बॅट त्याचे नियम, तसंच.

यावर तोडगा निघाला ६ डिसेंबर १८८२ ला, मँचेस्टरच्या बैठकीत. चारही संघटना एका टेबलाशी बसल्या आणि एक नियमावली ठरली. आडवी दांडी सक्तीची, थ्रो-इन दोन्ही हातांनी. आज कुठल्याही मैदानावर थ्रो-इन घेणारा पोरगा दोन्ही हात डोक्यामागे नेतो, त्याचं मूळ त्या बैठकीत.

म्हणून मी १८८४ ला वेगळं मोजतो. त्याआधीचे सामने म्हणजे पाहुणचार होता. सगळे एकाच नियमाने खेळायला लागल्यावरच बेलफास्टचा निकाल आणि ग्लासगोचा निकाल शेजारी ठेवून पाहता येतात. तक्ता मागाहून मांडला असेल, पण मांडता येतो तो यामुळेच.

पुण्याचा_प्रॉप

याला रग्बीची साक्ष काढतो. रग्बीची चार देशांची स्पर्धा फुटबॉलच्या एक वर्ष आधी, १८८२-८३ ला सुरू झाली. आजची सिक्स नेशन्स तिचीच वंशज. पण त्यांनी नियमांचा निवाडा कोण करणार हे आधी ठरवलंच नाही. १८८४ ला इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात एका ट्रायवरून (रग्बीतला गोलच म्हणा) भांडण पेटलं. इंग्लंडचं म्हणणं, नियम आमचे, अर्थ आम्ही सांगू. परिणाम? १८८५ ला दोघांचा सामनाच झाला नाही. १८८६ ला बाकी तिघांनी मिळून आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं आणि इंग्लंड त्यात यायला १८९० उजाडलं.

म्हणजे त्याच दोन देशांचं त्याच मार्च महिन्यात एका खेळात हमरीतुमरी, दुसऱ्या खेळात शिस्तीत १-०. फरक फक्त मँचेस्टरच्या त्या बैठकीचा. लेफ्टबॅकशी सहमत.

खडूस_काका

प्रॉपराव, ही साक्ष जड आहे. विचार करतो. विरोध मागे घेतलेला नाही.

उंटावरचा_शहाणा

स्कॉटलंड एवढं भारी होतं? आता तर वर्ल्ड कपला पोहोचले तरी पेढे वाटतात.

क्लाइडकाठचा

भारी म्हणजे किती ते आकड्यांत सांगतो. १८७२ ते १८८४ इंग्लंडशी १३ सामने. इंग्लंड जिंकलं फक्त दोन, १८७३ आणि १८७९. दोन बरोबरीत. बाकी नऊ स्कॉटलंडचे, त्यात १८७८ ला ७-२, १८८१ ला खुद्द लंडनच्या ओव्हलवर ६-१, १८८२ ला ५-१. त्या ६-१ च्या सामन्यात स्कॉटलंडचा कर्णधार होता अँड्र्यू वॉटसन. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानामध्ये जन्मलेला, बाप स्कॉटिश, आई कृष्णवर्णीय. पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, आणि थेट कर्णधार!

गुपित एकच, पासिंग. इंग्लंडचे साहेबलोक पब्लिक स्कूलच्या पद्धतीने चेंडू घेऊन सुसाट सुटायचे, बाकीचे मागे पळायचे. क्वीन्स पार्कची पोरं चेंडू एकमेकांना द्यायची. आज सांगायला हास्यास्पद वाटतं, पण तेव्हा हा शोध होता. पुढे याच कौशल्यासाठी लँकाशरचे क्लब स्कॉटिश खेळाडू पळवायला लागले. लंडनच्या एन. एल. जॅक्सनने १८८२ ला कोरिंथियन क्लब काढला तोच मुळी इंग्लंडच्या चांगल्या खेळाडूंना एकत्र खेळायची सवय लागावी आणि स्कॉटलंडला हरवता यावं म्हणून.

आता थोडं इथलं. मी ग्लासगोच्या दक्षिण भागात राहतो, या सगळ्या जागा पायी फिरता येतात. पहिलं हॅम्पडेन पार्क, म्हणजे क्वीन्स पार्क क्लबचं मैदान, जिथे १८८२ चा ५-१ झाला, तिथून रेल्वेमार्ग जाणार म्हणून क्वीन्स पार्कला १८८३ ला जागा सोडावी लागली. दुसरं हॅम्पडेन ऑक्टोबर १८८४ ला उघडलं. म्हणूनच त्या मोसमाचे स्कॉटलंडचे घरचे दोन्ही सामने थर्ड लॅनार्क क्लबच्या कॅथकिन पार्कवर झाले. पहिल्या हॅम्पडेनच्या जागी आता बोलिंगचं हिरवळीचं मैदान आहे, म्हातारी मंडळी पांढऱ्या कपड्यांत काळे गोळे सरकवत असतात. त्यांच्या क्लबहाउसच्या भिंतीवर त्या ५-१ चं मोठं चित्र रंगवलंय. रेल्वे अजूनही शेजारून जाते.

कॅथकिन पार्क नावाची बागही आहे, पण कुणी आलात तर फसू नका. ते १८८४ चं मैदान नाही. ते दुसरं हॅम्पडेन, थर्ड लॅनार्कने १९०३ ला घेतलं आणि जुनं नाव तिथे नेलं. क्लब १९६७ ला बुडाला. प्रेक्षकांच्या पायऱ्या मात्र अजून आहेत. गर्दीत धरायचे लोखंडी कठडे लाल रंग लावून जपलेत, आणि पायऱ्यांच्या फटींतून वाढलेली झाडं आता चांगली उंच झाली आहेत. मध्ये पोरं खेळतात. पानगळीत गेलं तर पायऱ्या पानांखाली पार दिसेनाशा होतात, जपून चालावं लागतं.

रेल्वेचा_पास

दादा, नुसतं वाचून जाऊन आल्यासारखं वाटलं. फोटो टाका ना.

वेल्सचे सामने कायम रेक्सहॅमलाच का? कार्डिफ का नाही?

पुस्तकी_किडा

कारण दक्षिण वेल्स रग्बीचं. फुटबॉल रुजला उत्तरेत, इंग्लंडच्या सीमेला लागून, आणि वेल्सची संघटना १८७६ ला निघाली तीच रेक्सहॅममध्ये. लुएलिन केन्रिक नावाच्या वकिलाने पुढाकार घेतला. तिथल्या रेसकोर्स मैदानावर १८७७ ला वेल्सचा पहिला घरचा सामना झाला आणि आजही तिथे आंतरराष्ट्रीय सामने होतात. इतकं जुनं आणि अजून वापरातलं आंतरराष्ट्रीय मैदान जगात दुसरं नाही. हॉलिवूडच्या दोन नटांनी विकत घेतलेला क्लब तो हाच, त्याच मैदानाचा.

आणि आयर्लंडला इतकं झोडपून घेतलंत तर त्यांची बाजूही ऐका. बेलफास्टचा जॉन मॅकअ‍ॅलरी लग्नानंतर स्कॉटलंडला फिरायला गेला, तिथे त्याने हा खेळ पाहिला आणि १८७८ ला दोन स्कॉटिश संघांना बेलफास्टला बोलावून प्रदर्शनीय सामना लावला. तिथून सगळी सुरुवात. संघटना १८८० ची. पहिला आंतरराष्ट्रीय सामना फेब्रुवारी १८८२, इंग्लंडविरुद्ध, निकाल ०-१३. म्हणजे १८८४ चा ८-१ ही प्रगती समजा! पहिला विजय आला १८८७ ला, वेल्सविरुद्ध ४-१.

शिवाय ज्या वर्षी ही स्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १८८४ ला, आयर्लंडमध्येच थर्ल्स गावात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन निघाली. इंग्रजी खेळ नकोत, आपले खेळ खेळा, हा तिचा सूर. पुढे तर फुटबॉल, रग्बी, क्रिकेट खेळणाऱ्या सभासदाला बाहेर काढायचा नियम होता, तो १९७१ पर्यंत टिकला. आयर्लंडच्या संघाला निम्म्या देशात घरच्यांचाच विरोध होता, हे कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

आणि याच मार खाणाऱ्या आयर्लंडने खेळाला पेनल्टी दिली. आर्माजवळच्या मिलफर्ड गावचा विल्यम मॅक्रम, लिनन गिरणीवाल्यांच्या घरचा, गोलकीपर. त्याचा संघ आयरिश लीगच्या पहिल्या मोसमात चौदाच्या चौदा सामने हरला. गोलच्या तोंडाशी येणाऱ्याला मुद्दाम पाडायचं आणि साधी फ्री किक देऊन सुटायचं, हे त्याने अगदी जवळून पाहिलेलं. त्याची सूचना आयरिश संघटनेने पुढे नेली. इंग्लंडच्या हौशी खेळाडूंना राग आला, सभ्य माणूस मुद्दाम पाडतो असं म्हणायचंय का तुम्हाला? पण जून १८९१ ला नियम झाला.

शिवोलीचो_बाब

देव बरें करूं पुस्तकी_किडा. एक योगायोग सांगतां. आमच्या गोव्यात फुटबॉल आणला तो विल्यम लायन्स या पाद्रीने, आमच्याच शिवोलीत, आणि साल सांगतात १८८३. म्हणजे बेलफास्टला तो ८-१ चालला होता तेव्हा आमचे आजोबा-पणजोबा भात कापल्यावर रिकाम्या शेतात चेंडूमागे धावायला शिकत होते. मैदानापेक्षा शेतातला खेळ वेगळा हां. गवताच्या खुंट्या पायाला लागतात, म्हणून चेंडू जमिनीवरून कमी, वरून जास्त.

लेफ्टबॅक

बाब, झकास! आपल्याकडचा दुसरा धागाही स्कॉटिशच. १८८८ ला सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला तेव्हा अंतिम सामना दोन स्कॉटिश पलटणींत झाला. रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ हरवलं. तीन वर्षांनी मुंबईत रोव्हर्स कप. तोही बरीच वर्षं गोऱ्या पलटणींनीच वाटून घेतला. १९३७ ला बंगलोर मुस्लिम्सने तो पहिल्यांदा त्यांच्या हातून काढला.

उंटावरचा_शहाणा

अवांतर: पैसे मिळायचे का या लोकांना?

क्लाइडकाठचा

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. उघडपणे नाही, पण पाकिटं फिरायची. त्याच जानेवारी १८८४ ला प्रेस्टन संघाविरुद्ध तक्रार गेली की हे खेळाडूंना पैसे देतात. त्यांचा कारभारी विल्यम सडेल सरळ म्हणाला, हो देतो, सगळेच देतात. प्रेस्टनला एफए कपमधून, म्हणजे इंग्लंडच्या क्लबांच्या स्पर्धेतून, हाकललं. पण झाकलेली मूठ उघडली ती उघडलीच. जुलै १८८५ ला इंग्लंडने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली.

इथे स्कॉटलंडने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांनी १८९३ पर्यंत मान्यता दिली नाही, आणि इंग्लंडात पैसे घेऊन खेळणाऱ्या स्वतःच्याच खेळाडूंना १८९६ पर्यंत देशाच्या संघात घेतलं नाही. उत्तमातले उत्तम खेळाडू दक्षिणेला, संघ घरी उरलेल्यांचा. १८८८ ला हॅम्पडेनवर इंग्लंड ५-० ने जिंकून गेलं आणि पहिल्यांदा एकट्याने स्पर्धा मारली.

आणखी एक. २९ मार्च १८८४, स्कॉटलंड ग्लासगोत वेल्सशी खेळत होतं, त्याच दिवशी लंडनला ओव्हलवर क्वीन्स पार्क इंग्लंडच्या एफए कपचा अंतिम सामना ब्लॅकबर्न रोव्हर्सशी खेळत होतं. तो २-१ ने हरले. आज क्लब आणि देश यांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून मॅनेजर मंडळी गळा काढतात. हे दुखणं स्पर्धेच्या पहिल्याच वर्षाचं.

खडूस_काका

रात्रभर विचार केला. १८८४ ला लोकांनी याला स्पर्धा म्हटलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. कप तरी कधी आला?

लेफ्टबॅक

१९३५ ला, पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवानिमित्त. म्हणजे पन्नास वर्षं नुसत्या इभ्रतीवर खेळले. नंतर १९५० आणि १९५४ च्या वर्ल्ड कपची पात्रता याच स्पर्धेतून ठरली. १९५० ला तर पहिले दोन पात्र होते, पण आम्ही पहिले आलो तरच जाऊ असं म्हणून दुसऱ्या आलेल्या स्कॉटलंडने ब्राझीलचं तिकीटच नाकारलं! स्पर्धा नव्हती म्हणता, मग हा ताठा कशाचा, काका?

पुस्तकी_किडा

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. मँचेस्टरच्या बैठकीनंतर १८८६ ला या चौघांनी नियमांसाठी कायमचं मंडळ केलं, आयएफएबी. फिफा जन्मली १९०४ ला. तोवर चौघं स्वतंत्र संघटना म्हणून पक्की रुजली होती, त्यांना एकत्र करायची ताकद कुणाची? आजही नियम बदलायचा तर या चौघांचं प्रत्येकी एक मत आणि फिफाची चार. आठपैकी सहा लागतात. म्हणजे फिफा एकटी काही करू शकत नाही आणि फिफाशिवायही काही होत नाही.

रेल्वेचा_पास

मग स्पर्धा बंद का पडली?

पुस्तकी_किडा

गर्दी रोडावली, वेळापत्रकं गच्च झाली, इंग्लंड आणि स्कॉटलंडला मोठे पाहुणे हवेसे झाले. १९८१ ला तर बेलफास्टमधल्या अशांततेमुळे इंग्लंड आणि वेल्स तिथे गेलेच नाहीत, ती स्पर्धा अर्धवट राहिली. शेवटची १९८३-८४. चौघांचे प्रत्येकी एक विजय, एक बरोबरी, एक पराभव. सगळ्यांचे तीन-तीन गुण. गोलफरकावर जिंकलं उत्तर आयर्लंड. कप तेव्हापासून बेलफास्टलाच आहे.

उंटावरचा_शहाणा

१९ गोल खाणाऱ्यांच्या घरी? हाय काय नाय काय!

खडूस_काका

गोलफरकावर जिंकले म्हणजे तक्ता होता. १९८४ ची स्पर्धा मान्य. १८८४ चं अजून बघू. लेफ्टबॅक, त्या वर्षीच्या ग्लासगोच्या एखाद्या वर्तमानपत्रात "चॅम्पियन" शब्द छापलेला दाखवा, त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला मिसळ खिलवतो.

क्लाइडकाठचा

काका, इथल्या मिचेल लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात. शनिवारी जातो. मिसळ मात्र पार्सल पाठवावी लागेल.